एसीच्या वासासकट पचमढी

पचमढीला जायचं आम्ही ठरवलंच नव्हतं. ते ग्वाल्हेरच्या तांब्यांनी ठरवलं. आमच्या जुईचं त्यांच्या मिहिरशी लग्न जमत आलं होतं. दोघंही बंगळूरला नोकरी करतात, त्यांचं आपसात कधीच ठरलेलं होतं. आता फक्त दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकमेकांना पसंत करायचं बाकी होतं. तांबेबाईंचा फोन आला, "आम्ही दोघं भोपाळला येऊन जातो, मग तुमच्याच गाडीत पचमढी करून घेऊ. दोन दिवस सोबत राहिलं की माणसं कळून जातात."

फोन ठेवला आणि दहाव्या मिनिटाला जुईचा फोन. "आई, आपल्या गाडीत? आई, एसी!"

तर एसीबद्दल. आम्ही पुण्याहून इथे भोपाळला आलो त्याला चोवीस वर्षं झाली, तेव्हापासून बरखेड्यातल्या क्वार्टरमध्येच आहोत. माझा नवरा अरविंद सरकारी कारखान्यात इंजिनियर. रेल्वेच्या डब्याएवढी यंत्रं जोडतो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही स्क्रूला बाहेरच्या माणसाने हात लावलेला त्याला खपत नाही. आमची अकरा वर्षांची गाडी क्वार्टरपुढच्या गुलमोहराखाली उभी असते. या पावसाळ्यात तिचा एसी लावला की एक वास यायला लागला. ओल्या मोज्यात भिजवलेली मटकी बांधून आठवडाभर विसरून जावं, तसा.

अरविंदने उपाय सुरू केले. आधी कापूर. मग कॉफीची पूड वाटीत घालून सीटखाली. मग मोगऱ्याचं सेंट. एकही वास दुसऱ्याला हटवेना, सगळे गुण्यागोविंदाने एकत्र राहू लागले. शेवटी शेजारचे दुबेजी म्हणाले, "भाईसाहब, नीम का धुआँ दीजिए. कोई कीटाणु नहीं बचेगा." रविवारी सकाळी अरविंदने तव्यावर निखारे ठेवले, त्यावर कडुनिंबाचा पाला टाकला, तवा गाडीत ठेवून काचा लावल्या आणि आंघोळीला गेला. बंद गाडीतून धूर निघताना बघून कुणीतरी फोन केला. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या फायर ब्रिगेडला वर्षभर फारसं काम नसतं, त्यामुळे ते चार मिनिटांत आले. अरविंद टॉवेलवर बाहेर धावला तेव्हा पाण्याचा पाइप गाडीवर रोखलेला होता. "रुको! इलाज चल रहा है!" असं तो ओरडला, आणि अजूनही आमच्या सेक्टरमध्ये लोक ते वाक्य त्याला ऐकवतात.

आता मटकीला धुराची फोडणीही बसली होती. मी म्हटलं, सरळ गॅरेजला दे. तो म्हणाला, "हवेने जाईल."

पहिला दिवस

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पचमढीला जायला हा काळ उत्तम, धबधब्यांना पाणी असतं आणि गर्दी अजून सुरू झालेली नसते. फक्त खाली मैदानात ऊन भाजून काढतं. भोपाळहून अंतर साधारण दोनशे किलोमीटर. थांबत, खात गेलात तर पाच-सहा तास धरा. आम्ही सकाळी सातला निघालो. तांबेसाहेब पुढे, आम्ही दोघी मागे.

तांबेसाहेब कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, हसरे, आणि बोलायला तोंड उघडण्याआधी बायकोकडे बघणारे. तांबेबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, हे सांगावं लागत नाही.

"एसी लावू?" अरविंद म्हणाला. "परवाच सगळा साफ केलाय. स्वतःच्या हाताने."

मी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर रस्त्यावर ठेवली.

मंडीदीप येईपर्यंत वास गाडीभर झाला. तांबेबाईंनी पर्समधून रुमाल काढला, नाकाशी नेला, सर्दी झाल्यासारखं केलं. तांबेसाहेब मात्र मधूनमधून एसीच्या जाळीकडे झुकून दीर्घ श्वास घेत होते. मी वेलची पुढे केली. सगळ्यांनी दोन-दोन घेतल्या.

औबेदुल्लागंज सोडल्यावर घाट आणि सागाचं जंगल लागतं, रस्ता छान आहे. बुधनीला लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, तिथे जरूर थांबा. आम्ही जरा जास्तच वेळ थांबलो, कारण गाडीत परत जायला कुणी तयार नव्हतं. मग नर्मदेचा पूल ओलांडून नर्मदापुरमला पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव भरपूर मागून घ्या, देतात.

हात धुवायला मी दुकानाच्या मागे गेले, तर भिंतीपलीकडून तांबेबाईंचा दबका आवाज. "मी घरीच म्हटलं होतं, नवे मोजे घालून घ्या. सगळ्या गाडीत वास भरून गेलाय. ते लोक बिचारे वेलची खाऊन बसलेत!"

"अगं, पण मोजे धुतलेले आहेत. हा वास वेगळाय, मी सांगतो तुला—"

"तुम्ही काही सांगू नका. चला घाटावर, नर्मदामाईत पाय धुऊन घ्या."

आणि तो भला माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खरोखर नर्मदेत पाय धुऊन आला. मी अरविंदला बाजूला घेतलं. "त्यांना वाटतंय त्यांच्या मोज्यांचा वास आहे. सांग त्यांना, एसीचा आहे म्हणून."

"आता सांगू? परवाच साफ केला म्हणालोय मी." त्याचा चेहरा रडवेला झाला. "लग्न ठरू दे आधी. एवढं साधं करता येत नाही, असं वाटेल त्यांना."

मीही गप्प बसले. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं.

एसी पुन्हा सुरू झाला आणि वास होताच. सोहागपूरला तांबेबाईंनी गाडी थांबवायला लावली, नवऱ्याला रबरी चपला घेतल्या, आणि त्यांचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून डिकीत टाकले. वास होताच. पिपरियाच्या अलीकडे त्यांनी शर्टही बदलायला लावला. तांबेसाहेब एका दालमिलच्या आडोशाला जाऊन निमूट शर्ट बदलून आले. मला खिडकीतून उडी टाकावीशी वाटली.

मटकुलीनंतर पचमढीचा चढ सुरू होतो. हवा गार झाली, अरविंदने एसी बंद करून काचा उघडल्या, आणि दोन वळणांत वास नाहीसा. तांबेबाई समाधानाने मागे टेकल्या. "बघा," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "शर्टच होता."

दुसरा दिवस

पचमढीत एक लक्षात ठेवा. जंगलातल्या जागांवर आपली गाडी नेता येत नाही, परवाना काढून जीप करावी लागते. सकाळी लवकर गेलात तर वेळ जात नाही. आम्ही बी फॉलला निघालो. जीप उघडी होती, म्हणून सगळे खुशीत होते. तांबेबाईंनी पुऱ्या आणि कैरीचं लोणचं आणलं होतं. अरविंदही विनोद करायला लागला.

धबधब्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आहेत, उंच आणि ओल्या. चांगले बूट हवेतच. तांबेसाहेबांच्या पायात सोहागपूरच्या चपला होत्या. बूट हॉटेलच्या गच्चीवर शिक्षा भोगत होते. अर्ध्या वाटेवर त्यांचा पाय घसरला. कठडा धरला म्हणून वाचले, पण चपलेचा अंगठा तुटला आणि नखातून रक्त आलं.

ते पायरीवर बसले. "काही नाही, काही नाही," म्हणत बायकोकडे असे बघत होते, जणू हीही त्यांचीच चूक. जुईच्या लग्नाचं काय होईल ते होवो, असं ठरवून मी बोलून टाकलं.

"वास तुमचा नव्हता. आमच्या एसीचा होता. पावसाळ्यापासून येतोय. मोजे, शर्ट, काहीही कारण नव्हतं. आम्हाला माहीत होतं."

अरविंद दोन पायऱ्या खाली उभा होता, तो तिथेच थिजला. तांबेबाई माझ्याकडे वळल्या.

"माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "आणि यांना मी नर्मदेत उभं केलं?"

"हो."

"शर्ट काढायला लावला?"

"हो," अरविंद खालून म्हणाला. "चूक माझी. मीच खोटं बोललो. माझ्याच्याने तो साफ झाला नव्हता."

तेवढ्यात तांबेसाहेब उठले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, चेहऱ्यावर असा आनंद की मी घाबरले. "छत्तीस वर्षं!" ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझी चूक नाही, आणि साक्षीदार आहेत!" मग अरविंदकडे वळून, "आणि अहो, मी पहिल्या मिनिटापासून हिला सांगतोय, ही बुरशी आहे. मी आयुष्यभर बुरशी शिकवली. इतका छान वास बऱ्याच दिवसांनी आला!"

तांबेबाई आधी लाल झाल्या, मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता पायरीवर बसल्या आणि पदराने नवऱ्याचा अंगठा बांधू लागल्या.

धबधब्याचं वर्णन करत नाही. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच तो धड पाहिला नाही. तांबेसाहेबांना गाडी बघायची घाई झाली होती.

हॉटेलच्या अंगणात त्यांनी सामान ठेवायचा पुढचा कप्पा रिकामा करायला लावला. अरविंदने दोन्ही बाजू दाबून तो खाली ओढला. मागे एक चपटी पेटी, आणि तिच्यात हवा गाळणारी जाळी. अकरा वर्षांत तिथे कुणी डोकावलं नव्हतं. गुलमोहराची बारीक पानं कुजून तिचा काळा गोधडीसारखा थर झाला होता. तांबेसाहेबांनी खिशातून भिंग काढलं. "वा!" ते म्हणाले. "वा, वा!" हॉटेलचा मॅनेजर सोन्याची नाणी सापडली की काय, म्हणून बघायला आला.

तिसरा दिवस

परतताना घाटभर काचा उघड्या ठेवल्या आणि पिपरियात इरफानभाईंच्या गॅरेजला गाडी लावली. अरविंदने स्वतःहून लावली, हे नमूद करते. इरफानभाई साठीचे, कमी बोलणारे. ते गाडीखाली सरकले. "साहब, एसी का पानी निकलने की नली ही बंद है. पानी अंदर सड़ रहा है." अरविंद जवळून बघायला वाकला आणि त्याच क्षणी त्यांनी नळीत तार घातली. तपकिरी पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या शर्टावर.

"आता तुम्ही शर्ट बदलून घ्या," तांबेबाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या.

मग इरफानभाईंनी नळीतून फेसाचं औषध आत मारलं, अर्धा तास थांबले, घाण वाहून जाऊ दिली, नवी जाळी बसवली. पैसे आमच्या कापूर, कॉफी आणि सेंटवर गेले त्याहून कमी. निघताना सांगितलं, "घर पहुँचने से पाँच मिनट पहले एसी बंद, पंखा चालू. अंदर सूख जाएगा, तो बदबू नहीं बनेगी. और बाहर की हवा का बटन कभी-कभी खोला करो." तुमच्या गाडीत वास येत असेल तर एवढं करा. निखारे नको.

नर्मदेच्या पुलावर एसी चालू होता आणि गाडीत कसलाही वास नव्हता. मग तांबेबाईंनी घसा साफ केला. "आता मी पण एक सांगून देते. तुम्हाला पाठवलेल्या मिहिरच्या माहितीपत्रकात आम्ही लिहिलं होतं ना, स्वयंपाकाची आवड आहे म्हणून? त्याला चहासुद्धा येत नाही. गेल्या वर्षी कुकर लावला, तर त्यात पाणी घालायचं राहून गेलं."

"आम्ही लिहिलंय जुई शास्त्रीय गाणं शिकली आहे," अरविंद म्हणाला. "ती तीन दिवस गेली होती."

तांबे दांपत्याला स्टेशनवर सोडताना त्यांनी साखरपुड्याची तारीख विचारली. जुईला फोन केला तर ती म्हणाली, "कुकरचं मला माहीत होतं गं. तो माझाच कुकर होता."

घरी

पचमढीचं काय राहिलं, असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं म्हणजे फोटो फार नाहीत. धूपगढचा सूर्यास्त राहूनच गेला. पण एक सवय लागली आहे. आमची टाउनशिप एवढीशी, की कारखान्यातून घरी यायलाच पाच मिनिटं लागत नाहीत. त्यामुळे एसी बंद करून पंखा चालवायचा तर घरासमोर गाडीत बसून राहावं लागतं. अरविंद बसतो. पहिले काही दिवस मी दारातून हाका मारायचे, मग मीही जाऊन शेजारी बसायला लागले. दुबेजींना वाटतं आमचं भांडण चालू आहे.

काल तसेच बसलो होतो. पंखा घुमत होता. अरविंद समोर बघत म्हणाला, "गेल्या दिवाळीत मिक्सर जळाला होता ना, तो विजेच्या दाबामुळे नाही. मी उघडला होता."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"मग बोलली नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

त्याने घड्याळात पाहिलं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. पंखा त्याने बंद केला नाही. म्हणाला, "इस्त्रीचंही एक आहे."