वहिनींची लाईट

आमच्या भागात वीज आली की लोक म्हणतात, "वहिनींची लाईट आली." गेली की म्हणतात, "खांबेश्वरानं घालवली." खांबेश्वर म्हणजे मी. वहिनी म्हणजे माझी बायको. धंदा माझ्या बापाचा, पंचवीस वर्षं खांबावर चढून झिजले ते गुडघे माझे, आणि लाईट वहिनींची! लोक विचारतात, राग येत नाही का? खोटं कशाला बोलू, राग नाही, जळफळाट होतो.

धंदा सांगायला सोपा आहे. मोठ्या कंपनीकडून घाऊक वीज घ्यायची, आपल्या तारांवरून घरोघर न्यायची आणि किरकोळ विकायची. लग्न झालं तेव्हा दोन्ही बाजू मीच बघायचो. तारा बऱ्या चालायच्या, विक्रीची मात्र बोंब होती. कुणी काउंटरवर तक्रार घेऊन आलं की मी आधी त्याला त्याच्या घरातल्या वायरिंगवरून झापायचो. शेवटी ही म्हणाली, "अहो, तुम्ही तारा सांभाळा, माणसं मी सांभाळते." मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. तिनं काउंटरची काच काढून टाकली, समोर दोन खुर्च्या मांडल्या आणि सहा वर्षांत ग्राहक दुप्पट केले.

तिला सगळ्यांचे मीटर नंबर तोंडपाठ आहेत, याचं लोकांना केवढं कौतुक! नंबर मलाही पाठ आहेत. पण मला कुणी विचारतच नाही.

बापाच्या वेळचा एक नियम मात्र आम्ही अजून पाळतो. नव्या कनेक्शनच्या अर्जावर खाली एक चौकट असते. त्या भागातल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आधीच किती लोड आहे ते मी भर दुपारी मोजायचं, आकडा चौकटीत लिहायचा आणि सही करायची. सही नाही तर कनेक्शन नाही. तिनं गिऱ्हाईक कितीही गोड बोलून आणलं तरी ते माझ्या चौकटीतून जातं. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात बर्फवाल्यानं नवा कारखाना काढला. तो स्वतःचा जनरेटर बसवणार होता. हिनं चार खेपा घालून त्याला वळवलं. एवढं मोठं गिऱ्हाईक आम्हाला आजवर मिळालं नव्हतं. अर्ज भरायला तो आला तेव्हा मी दारात शिडी धरून उभा होतो.

"वहिनी आहेत ना आत?" त्यानं विचारलं. "आणि तुम्ही त्यांचे वायरमन का? जाता जाता आमचा एक पंखा बघून जा."

ती हसली. गिऱ्हाइकाचं मन राखायला हसतात तसंच हसली, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी तिनं अर्ज माझ्यापुढे ठेवला. "बसेल ना हो एवढा लोड?"

नाही बसणार, हे मला न मोजताच ठाऊक होतं. त्या डीपीची गुरगुर आताशा रस्त्यावरूनही ऐकू यायची. "नाही" म्हटलं असतं तर नवी डीपी बसेपर्यंत बर्फवाल्याला महिनाभर थांबावं लागलं असतं, एवढंच. पण मनात आलं, एकदा हिचीही फजिती होऊ दे. लोकांना कळू दे, वीज काउंटरवर पिकत नाही. मी लोड मोजायचं यंत्र पिशवीतून काढलंच नाही. चौकट रिकामी ठेवली आणि खाली सही ठोकली.

"बसेल," मी म्हणालो.

कारखाना सुरू झाला आणि तिसऱ्याच दुपारी डीपीनं धूर सोडला. अर्धा भाग बंद पडला. जळक्या तेलाचा वास नाकात गेला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की डीपी कुणामुळेही जळो, शिव्या खांबेश्वरच खातो. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेला शहाणा तो मीच.

ऑफिसात पोचलो तर गर्दी. न्हावी आला होता, त्याच्यामागे मशीन बंद पडल्यामुळे अर्ध्याच डोक्याचे केस कापलेला माणूस. बर्फवाला टेबलावर हात आपटत होता. "कुणी पास केला हा लोड? नाव सांगा मला!"

अर्ज तिच्या ड्रॉवरमध्ये होता. काढून दाखवायचा अवकाश, मी संपलो असतो.

ती उभी राहिली. "चूक माझी आहे. कनेक्शन द्यायची घाई मी केली. मोठ्या कंपनीशी आत्ताच बोलले, जळाली म्हणून तातडीनं परवाच नवी डीपी देताहेत."

गर्दी शांत झाली. न्हावी म्हणाला, "चालायचंच हो वहिनी. माणूस आहे, चुकायचाच."

चालायचंच? वादळात खांब पडला तेव्हासुद्धा मला कुणी चालायचंच म्हणालं नव्हतं! माझ्याच्यानं राहवेना.

"चूक माझी आहे!" मी ओरडलो. "सही माझी आहे त्यावर!"

सगळे वळले. न्हावी बर्फवाल्याच्या कानात "वहिनींचे मिस्टर" असं पुटपुटला आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बायकोला असं पाठीशी घालावं माणसानं. वहिनी, नवरा मात्र चांगला मिळाला हो तुम्हाला."

म्हणजे चूकसुद्धा माझी राहिली नाही.

माणसं पांगल्यावर तिनं ड्रॉवरमधून अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. रिकामी चौकट, खाली माझी लांबलचक सही.

"आकडा नव्हता," मी म्हणालो. "कनेक्शन देताना तू बघितलं नाहीस?"

"नाही. तुमची सही दिसली की मी आकडा बघत नाही. सहा वर्षांत एकदाही बघितला नाही."

तिनं अर्ज उचलून फायलीला लावला.

"आता बघत जाईन," ती म्हणाली.