अप्पांच्या नाकावरचा चष्मा

अप्पांना समाधी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "अक्का, परवाची लातूरची वेळ तशीच ठेवलीय बरं का. रद्द नाही केली."

कसली वेळ, ते मला आधी कळेचना. मग कळलं. डोळ्यांची. माझा चष्मा घालवण्यासाठी लेझरचं जे ऑपरेशन करायचं होतं, त्याच्या तपासणीची.

"आपल्यात सुतक थोडंच असतं," तो म्हणाला. "आलीच आहेस तर करून जा. पुन्हा तिकिटाचा ताप कशाला?"

आदल्या दिवशी स्मशानभूमीत आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत जे पुटपुटली होती, त्याचा अर्थ मला आता लागला. "लई रडू नको गं. डोळे सुजले तर मशीन चुकीचं मोजतंय." तेव्हा वाटलं होतं, म्हातारी दुःखाने काहीतरी बरळते आहे. ती बरळत नव्हती. समोर तिचा सख्खा भाऊ फुलांच्या माळा घालून बसवलेला होता, आणि ती माझ्या डोळ्यांच्या मोजमापाची काळजी करत होती.

आम्हा लिंगायतांत सुतक नसतं हे खरं आहे. गेलेला माणूस लिंगात मिळून गेला, मग विटाळ कोणाचा आणि कशाचा, हे आम्हाला अप्पांनीच शिकवलं. आई गेली तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्यांनी नांदेडच्या मोंढ्यातलं भुसाराचं दुकान उघडलं होतं. कुणी नावं ठेवली तर विचारायचे, "कुलूप लावलं तर ती परत येणार हाय का?" पण त्या दिवशी दुकानात पाठीमागच्या पोत्यांआड बसून ते किती वेळ रडले, ते मी पाहिलं होतं. सुतक नसणं म्हणजे दुःख नसणं, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. तो माझ्या भावाने आणि आत्याने काढला. सोय बघून काढला.

वेळ मात्र मीच मागितली होती, हेही लिहायला हवं.

मी जर्मनीत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. एकटी राहते. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे सात आहे, म्हणजे चष्मा काढला की हातभर अंतरावरचं माणूस नुसता रंगाचा डाग होतं. हिवाळ्यात ट्रामचं दार उघडून आत शिरलं की काचा पांढऱ्या होतात आणि मी आंधळ्यासारखी दांडा चाचपडत उभी राहते. एकदा बर्फावरून घसरले. चष्मा उडून रस्त्यावर गेला आणि त्याच्यावरून कुणाची तरी सायकल गेली. त्या दिवशी मी भिंतीला हात लावत लावत घरी आले. दिव्यांचे खांब मोजत आले म्हटलं तरी चालेल. जिना चढताना एकच विचार मनात होता, की इथे मला हाताला धरून नेणारं कुणीही नाही. चष्मा घालवायचा, हे त्याच जिन्यात ठरलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "ऑपरेशननंतर घरी कोण नेईल? थेंब कोण घालेल?" त्यांनी कागदावर त्या नावाची जागा रिकामी ठेवली आणि म्हणाल्या, घाई नाही, विचार करून या. मी वर्षभर विचारच करत राहिले. मग आत्याला फोन केला. लातूरला तिच्या घराजवळ डोळ्यांचा दवाखाना आहे. ती हरखून गेली. माझ्या विसाव्या वर्षापासून तिचं ठाम मत होतं की माझं लग्न चष्म्याने अडवलं. "आता चाळिशी आली तरी काय बिघडलं न्हाई," ती फोनवर म्हणाली, "डोळे मोकळे झाले की बघ कसं रूप येतंय." ठरलं असं, की मी दिवाळीच्या सुट्टीत यायचं आणि ऑपरेशन करून आठवडाभर तिच्याकडे राहायचं.

अप्पांनाही मी फोनवर सांगितलं. त्यांचा नंबर माझ्याहून जास्त होता. मला हा वारसा त्यांच्याकडूनच मिळालेला. ते म्हणाले, "कर बाई. डोळे तुझे हायत. पण मग वाचताना काढशील काय?"

मी हसले. म्हाताऱ्याचा विनोद समजून हसले.

दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली होती, तेवढंही अप्पा थांबले नाहीत. मी हैदराबादला विमानातून उतरून गाडीने निघाले, देगलूर मागे पडलं, नायगाव मागे पडलं, आणि नांदेडला घरात शिरले तेव्हा ओसरीवर अप्पा बसलेले होते. आमच्यात मृताला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात माळा, डोक्याला रुमाल बांधलेला. आणि नाकावर चष्मा. दोन वर्षांपूर्वी मीच पाठवलेली काळी फ्रेम. दर्शनाला येणाऱ्यांना चष्म्याशिवाय ते ओळखू आले नसते, म्हणून काकांनी घातला होता. ते मला पटलं. मलाही ते चष्म्यातच ओळखीचे होते.

पण स्मशानात, खड्ड्यात बसवल्यावर, स्वामींनी अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या पेटीतून काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तो हात छातीपाशी टेकवला. आता माणूस आणि त्याचं लिंग, मध्ये कुणी नाही. जन्मभर रोज सकाळी ज्याकडे टक लावून बघायचं, त्याच्याकडेच बघत मातीआड जायचं.

मी कडेला उभी होते. म्हणाले, "काका, चष्मा काढा."

"का?"

"पूजेला ते चष्मा घालत नव्हते."

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "आता काय दिसायला नको का त्याला? आंधळा बसवू का लिंगापुढं?"

लोकांतून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. भाऊ म्हणाला, "अक्का, राहू दे ना." आणि आत्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं. तिला वाटलं, फ्रेम परदेशी, भारी, म्हणून मला परत हवी आहे. "राहू दे गं," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बापासंगं जाऊ दे येवढं तरी."

त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं. काका उभा जन्म त्यांच्या शेजारी राहिले. भाऊ त्याच छताखाली वाढला. आणि तरी कुणी कधी बघितलं नव्हतं, की अप्पा सकाळी पाटावर बसले की पहिल्यांदा चष्मा काढून बाजूला घडी करून ठेवत, आणि मग तळहात उचलून लिंग डोळ्यांजवळ आणत, जवळजवळ नाकाला लागेल इतकं. लहानपणी मी त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि माझा चष्मा त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवायची. दूरचं जग आम्हा दोघांना काचेतून उसनं मिळायचं. जवळचं आमचं स्वतःचं होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की अप्पा तसेच, चष्मा कपाळावर सारून, पुस्तक नाकाशी धरून वाचत. मीही तशीच वाचते. ग्रंथालयात माझे सहकारी त्यावरून माझी नक्कल करतात.

बेलाची पानं पडली. भस्म पडलं. मग माती. काचांवर पहिली मूठ पडल्याचा आवाज मी ऐकला.

मला भांडता येत नाही. आवाज चढला की शब्द तुटतात, म्हणून मी आयुष्यभर लिहून भांडत आले. त्या दिवशी लिहायला काहीच नव्हतं. नुसता राग होता, आणि तो अजून आहे. त्यांना अप्पांची आठवण होती, पण ती फोटोतल्यासारखी, समोरून बघितलेली. ती फोटोत शोभावी म्हणून त्यांनी अप्पांना तसं बसवलं.

मग मी लातूरला गेले का? गेले. घरात पाहुणे होते आणि नाही म्हणायला गेले असते तर त्या सगळ्यांपुढे कारण द्यावं लागलं असतं. शिवाय तो बर्फ, तो जिना, ती भिंत हे सगळं खरंच होतं. मला चष्मा नकोच होता. अप्पा गेल्यावर तर मी अधिकच एकटी झाले होते. ज्या हातांनी मला धरायचं होतं त्या हातांवर मी चिडलेली होते, एवढाच फरक.

भाऊ गाडी चालवत होता. आत्या दवाखान्याच्या दारातच भेटली. तिने पहिल्यांदा माझी हनुवटी धरून डोळे तपासले. "सुजलेत थोडे," ती नाराजीने म्हणाली.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. वेगवेगळ्या यंत्रांपुढे माझी हनुवटी टेकवून त्यांनी बुबुळाची जाडी मोजली आणि म्हणाले, करता येईल. मग वय विचारलं. "चाळीस पूर्ण? मग एक गोष्ट आधीच सांगतो. लांबचं छान दिसेल. पण वर्षा-दोन वर्षांत वाचायला चष्मा लागेल. आत्ता तुम्ही चष्मा काढून वाचता ना? ते जाईल."

हेच मला जर्मनीतल्या बाईंनीही सांगितलं होतं. तेव्हा मान डोलावली होती. वाक्य कळलं होतं, एवढंच.

त्यांनी डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. बाहुल्या मोठ्या झाल्या की आतला पडदा तपासायचा होता. मी आत्याशेजारी बाकावर बसले. हळूहळू डोळ्यांतला काहीतरी ताण सुटत गेला. चष्मा डोळ्यांवरच होता. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर नीट दिसत होतं. सहज खाली बघितलं तर मांडीवर माझा हात होता, आणि तो मला दिसेना.

म्हणजे हात आहे हे दिसत होतं. रेषा नव्हत्या. बोटं एकमेकांत विरघळलेली. मी हात उचलून छातीपाशी धरला, स्वामींनी अप्पांचा धरला होता तसा. तळहात म्हणजे नुसता तांबूस डाग.

अप्पांना त्यांनी असं बसवलं होतं. अप्पांच्या त्या चष्म्याला वाचायचं भिंग नव्हतं. जवळचं त्यांना चष्मा काढूनच दिसायचं. भिंत, माती, लोक, सगळं दिसेल आणि हातातलं तेवढं दिसणार नाही, असं बसवलं. आणि काढायला हात हलणार नाही.

मी चष्मा काढला, तळहात नाकाशी आणला. एकेक रेष परत आली. अंगठ्याखालचा, लहानपणी पत्र्याने कापल्याचा व्रणही.

"काय बघतीस हातात? नशीब?" आत्या म्हणाली.

"मला नाही करायचं ऑपरेशन."

"आँ? आता काय झालं?"

"वाचताना काढायचं काय?"

"काय बोलतीस?"

"लेझर म्हणजे काढता न येणारा चष्मा, आत्या."

"पुस्तकं, पुस्तकं!" ती एवढ्याने ओरडली की बाकीचे पेशंट वळले. "बाप तसाच, पोरगी तशीच. तुझ्यापायी मी सगळ्यांचे पाय धरले, वेळ घेतली. अन् म्हातारपणी कोण बघणार तुला?"

"तू दंड धरून मागं ओढलंस ना मला? तेवढं पुरे झालं," मी म्हणाले. आवाज चढला आणि या वेळी शब्द तुटले नाहीत. मला वाईट वाटलं नाही.

परतीच्या रस्त्यावर अहमदपूर आलं. थेंबांमुळे ऊन डोळ्यांत सुयांसारखं घुसत होतं. मी भावाला म्हणाले, "अप्पा पूजेला चष्मा काढून ठेवायचे. तुला खरंच माहीत नव्हतं?"

"मी कुठं कधी पूजेत बसलो, अक्का?"

"मी सांगितलं होतं तिथं."

"मला वाटलं, तू रडायलीस, म्हणून काहीबाही बोलायलीस." गाडी जरा हळू करून तो म्हणाला, "आता काय करायचं मग?"

काही करता येणार नव्हतं. समाधी उघडत नाहीत. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पुढचा रस्ता, ट्रक, भावाची पाठ, सगळं पुसलं गेलं.

"चष्मा घाल," तो म्हणाला, "गरगरेल."

मी नांदेडपर्यंत घातला नाही.