घर बघायला आलेलं जोडपं

लालबागला चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं आमचं घर दोघांच्या नावावर आहे. संसार मोडायला लागला तेव्हा नवरा दादरला भावाकडे राहायला गेला आणि मी घराला चिकटून राहिले. वकीलबाईंनी बजावलं होतं, "काही झालं तरी घर सोडू नका. एकदा कुलूप बदललं की आत यायला वर्षं जातील." नवऱ्यानं घर परस्पर विकू नये म्हणून कोर्टात अर्ज केला होता, पण तारीख लागत नव्हती. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. ऑफिसात डबा उघडला की आधी शेजारच्या काकूंना फोन: "कुलूप तेच आहे ना हो?"

"तेच आहे गं. मघाशी त्याची विचारपूस करून आले. तू जेव आता."

मी हसायचे आणि तासाभरानं पुन्हा फोन लावायचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी खाली हॉलमध्ये सोसायटीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी उखाण्यांचा माईक माझ्या हातात. कुणी दुसरीनं धरलाच तर मी तो हिसकावून घेते, अशी माझी ख्याती. यंदा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि गाऊन घालून सोफ्यावर पडून राहिले. नवऱ्याचा अंदाज इथेच चुकला. मी माईक सोडून घरी बसेन, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

दारात किल्ली फिरली. आत आला नवरा, मागे एक एजंट आणि त्याच्यामागे तिशीतलं जोडपं.

"अहो," माझ्या तोंडून गेलं. भांडण कोर्टात गेलं तरी ते अहो काही सुटलं नव्हतं.

नवरा पांढराफटक. एजंट त्याला म्हणाला, "साहेब, घर रिकामं आहे बोललात ना?"

समोर प्रेक्षक दिसले की माझा आवाज आपोआप चढतो. "या ना, बसा. चहा टाकते." स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना मेसेज केला: लवकर वर या.

चहाला उकळी यायच्या आत काकू आल्या, हातात हळदीकुंकवाचं तबक तसंच, मागे पैठण्या नेसलेल्या चौघी. समोर अनोळखी सवाष्ण बसलेली. तिला वगळणार कसं? काकूंनी तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची डबी दिली. एजंट घड्याळ बघत उभा.

मग काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "चल, नाव घे."

"काकू, राहू दे आता," नवरा पुटपुटला.

"तू गप रे. हे बायकांचं आहे."

मी गाऊन सावरला, घसा साफ केला. नवऱ्याचं नाव इथे गाळते, तिथे मात्र खणखणीत घेतलं.

"लालबागच्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर घर,
…रावांच्या जोडीनं माझंही नाव कागदावर."

बायका फिदीफिदी हसल्या. ती पाहुणी हसली नाही. ती आपल्या नवऱ्याकडे वळली. "उठा, जाऊ या."

तिचा नवरा आणि एजंट बाहेर पडले, माझा नवरा त्यांच्या मागोमाग लिफ्टकडे धावला. ती मात्र दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमची सही झालीय असं सांगितलं होतं आम्हाला. कागदही दाखवला."

मी कुठेच सही केली नव्हती. माझं नाटक तिथेच संपलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तिनं माझा फोन मागितला, स्वतःचा नंबर टाकला आणि नावाच्या जागी लिहिलं, 'घर बघायला आलेली'.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी तिला फोन केला. ती आली, जे पाहिलं ते लिहून दिलं, आणि आमच्या अर्जाला लवकरची तारीख मिळाली. आता निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणालाही घर विकता येणार नाही, असा हुकूम आहे. निकाल अजून लागलेला नाही. तो कागद कुणी केला, त्यावर माझ्यासारखी सही कुणी गिरवली, हे मी नवऱ्याला अजून विचारलेलं नाही. वकीलबाई म्हणतात, ते कोर्टात विचारू.