‘बघू’ म्हणजे काय?

ये गं, अशी जवळ बस. काल फोनवर काय म्हणालीस? “मॅन्युअल कोण वाचतं, मावशी?” कॉम्प्युटरवर पोट भरतेस आणि असं बोलतेस? ऐक आता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात बिबवेवाडीतल्या एका बंगल्यात आमची कंपनी. मी टायपिस्ट म्हणून लागले आणि बघून बघून कॉम्प्युटर शिकले. आमच्या आपटे साहेबांनी कारखान्यातले सुटे भाग तपासणाऱ्या मशीनसाठी स्वतःची प्रोग्रॅमिंग लँग्वेज बनवली होती. म्हणजे मशीनला हुकूम द्यायची भाषा. नाव ‘सुबोध’. ती जगात एकट्या साहेबांना कळायची.

“कुलकर्णीबाई, नवीन माणसाला कळेल असं मॅन्युअल लिहा.”

“आधी मला समजावता का?”

“त्यात काय समजवायचं? हुकूम सगळे मराठीच आहेत.”

लिहिलं मी. ‘घे’ म्हणजे भाग उचल, ‘मोज’ म्हणजे माप घे. ‘बघू’पाशी मात्र एवढंच लिहिलं : ‘मापाबद्दल शंका असल्यास वापरावे.’ ‘बघू’ कोणाला कळत नाही?

चंद्रपूरची वैशाली तेव्हा नुकतीच ट्रायलवर लागली होती. माझं मॅन्युअल वाचून तिनं पहिला प्रोग्रॅम लिहिला. क्लायंटसमोर डेमो. मशीननं पहिला भाग मोजला आणि भंगारात टाकला. दुसरा टाकला. बाराच्या बारा टाकले.

“म्हणजे आमचा सगळा माल भंगार?” क्लायंट उठलेच.

साहेब वैशालीला म्हणाले, “उद्यापासून आपण आला नाहीत तरी चालेल.”

पोरगी डोळे पुसत बॅग भरत होती. मी तिचा प्रोग्रॅम उघडला.

“अगं, इथं ‘बघू’ कशाला घातलंस?”

“भागांवर तेल होतं ना मॅडम, माप थोडं इकडेतिकडे येते. शंका असली तर ‘बघू’, असं तुम्हीच लिहिलं. मला वाटलं, मशीन पुन्हा बघन.”

“बघू म्हणजे नाही, बाई! म्हणजे भाग फेकून दे!”

“असं कसं? आमच्याकडे बघू म्हटलं तं माणूस बघते.”

साहेब पुण्याचे, मी पुण्याची. आमच्याकडे ‘बघू’ म्हटलं की विषय संपला. हे लिहायला हवं, असं दोघांनाही सुचलं नव्हतं.

तशीच केबिनमध्ये गेले. “साहेब, चूक मॅन्युअलची आहे, म्हणजे माझी. तिला काढू नका.”

साहेबांनी मान वर केली नाही. “बघू.”

“कुठलं बघू, साहेब? पुण्याचं की चंद्रपूरचं?” आणि सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “चंद्रपूरचं,” म्हणाले.

वैशाली राहिली. नवं मॅन्युअल तिनंच लिहिलं. पहिल्याच पानावर, ठळक : ‘बघू : नाही. भाग भंगारात टाक.’ साहेबांना ते पान फारसं आवडलं नाही. तेव्हा मी एक शिकले. जे सगळ्यांना माहीत असतं ना, ते आधी लिहून ठेवायचं.

निघालीस? बरं. पुढच्या रविवारी जेवायलाच ये. आणि मला ‘बघू’ म्हणू नकोस.