सत्तावीस दाते, बत्तीस दाते

एका चातुर्मासात मी दर गुरुवारी मौन धरायचं व्रत घेतलं होतं. दिवेलागणीला सोडायचं. नेम केला तेव्हा मनात पुण्याची संध्याकाळ होती. इथे आयर्लंडला जुलैत दिवेलागण होते दहाला! ते असो. तोंड मिटलं की कान उघडतात, आणि मग किस्से साठत जातात. आमच्या प्रेसमध्ये (कपाटाला इथे प्रेस म्हणतात) रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे. त्यातले मिककाकांच्या शेडमधले आज सांगते.

* * *

मिककाका ॲडम्सटाउनला आमच्या वसाहतीमागच्या जुन्या घरात राहतात. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, आता हात इतके थरथरतात की चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. त्यांचा जुना अमेरिकन पिकअप ट्रक, ऑटोमॅटिक गिअरचा, नेमका लेकीच्या लग्नाच्या तोंडावर बंद पडला. गिअरबॉक्स गेला. नोराला त्याच ट्रकमधून चर्चला न्यायचं, असा शब्द काकांनी ती लहान असताना दिलेला. भंगारातून दुसरा गिअरबॉक्स मिळाला, पण बसवणार कोण?

"आम्ही आहोत ना!" आमचे हे म्हणाले. सोबतीला नागपूरचे पराग भावजी. दोघेही एकाच कारखान्यात इंजिनिअर.

"तिथे गिअरबॉक्स बनवता का?" काकांनी विचारलं.

"नाही, हृदयात बसवायच्या बारीक नळ्या."

"ग्रँड! म्हणजे चुकायची सवय नसेल."

* * *

पहिल्या संध्याकाळी दोघं हातमोजे घालून, छापील यादी घेऊन हजर. एकाने बोल्ट काढायचा आणि सही करायची, दुसऱ्याने तो तपासून सही करायची. भावजींनी तर कारखान्यातली जाळीची टोपीही घातली होती, सवयीने! तासाभरात चार बोल्ट निघाले आणि आठ सह्या झाल्या.

काका खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "तुम्ही ट्रक उघडताय की बाळंतपण करताय?"

पण खरं सांगू? एकही नट हरवला नाही. प्रत्येकाची वेगळी पिशवी, पिशवीवर नाव. पूजेची तयारीसुद्धा माझ्या हातून इतकी नेटकी होत नाही.

* * *

मग आला गुरुवार. नवा गिअरबॉक्स जागेवर चढला होता. त्याच्या मागून दातेरी दांडा बाहेर येतो. त्यावर एक पोकळ तुकडा सरकवतात, आतून तसेच दाते असलेला. त्याला म्हणतात योक. योकच्या दुसऱ्या टोकाला दोन कान, त्यांत लांब शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस अडकतो, आणि तो शाफ्ट मागची चाकं फिरवतो. एवढं मलाही ऐकून ऐकून कळलं होतं.

नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू वाहायचं, ही आमची रीत. मी ट्रकखाली वाकून दांड्याच्या एकेका दात्यावर कुंकवाचं बोट लावलं. नामजपाच्या सवयीने मनात मोजत गेले. बत्तीस. मग बाकावरच्या जुन्या योकला लावलं. सत्तावीस!

पुन्हा मोजले. सत्तावीसच.

तेवढ्यात भावजी तोच योक दांड्यावर चढवायला लागले. जाईना. "टाइट आहे. ठोकू या."

मी हातोडाच धरला.

"वहिनी, चहा नंतर!"

मौन कसं मोडू? बाहेर तर लख्ख ऊन. शेवटी ट्रकच्या धुळकट काचेवर बोटाने लिहिलं: ३२. खाली लिहिलं: २७.

"हे कोणाचे मार्क, वहिनी?"

ह्यांनी मात्र काच बघितली, दांडा बघितला आणि स्वतः दाते मोजायला बसले. सगळी मापं घेतली होती, अगदी शाफ्टच्या लांबीचंही. शेहेचाळीस सह्या झाल्या होत्या. दाते कोणीच मोजले नव्हते. आणि लग्न शनिवारी!

* * *

आता योक असा हवा की दाते नव्या गिअरबॉक्सचे आणि कान जुन्या क्रॉसच्या मापाचे. भावजी फोनवर शोधत बसले. आठवड्याच्या आत कुठूनच येईना.

काकांनी फळीखालचं एक लाकडी खोकं ओढायला सांगितलं. आत आठ-नऊ योक, सगळे तेलकट, माझ्या डोळ्यांना सगळे सारखेच. काकांनी डोळे मिटले. थरथरतं बोट एकेकाच्या आतून फिरवलं. पाचवा उचलला. "हा. मिनीबसमधून काढलेला."

भावजींनी मापं घेतली. दाते बत्तीस, कान अचूक. जाळीची टोपी काढून म्हणाले, "काका, आमच्याकडे या कामासाठी एक मशीन आहे. खोलीएवढं!"

* * *

शनिवारी ट्रक चर्चला पोचला, हे आधीच सांगून टाकते. नोराच चालवत होती, पांढऱ्या झग्यात, आणि काका शेजारी टाय लावून बसले होते. पण सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती आदल्या दिवशी.

योक सरकवताना गिअरबॉक्सच्या तोंडाचं रबरी सील जपावं लागतं. जरा तिरका गेला की सील फाटतं, तेल गळतं. हे चाकांच्या फळीवर झोपून ट्रकखाली सरकले, योक हातात घेतला. तेवढ्यात काका उठले. "मला जाऊ दे."

"डॅडी, नको," नोरा म्हणाली. "तुझे हात..."

हे बाहेर आले, चाकांची फळी काकांकडे सरकवली आणि योक त्यांच्या हातात दिला.

काका ट्रकखाली गेले. हात थरथरत होता, योकवरचा उजेडसुद्धा थरथरत होता. योकची कड दांड्याला टेकली आणि हात थांबला. अगदी थांबला. समईची ज्योत वारा पडल्यावर थांबते तसा. योक आवाज न करता आत गेला. शेवटी बोटभर जागा सोडून काका म्हणाले, "एवढं राहू दे. ट्रक धावताना तो आतबाहेर सरकतो, त्याला श्वास घ्यायला लागतो."

बाहेर आल्यावर मी चहा दिला. अर्धा कप. त्यातलाही निम्मा बशीत सांडला.

मैत्रिणींनो, एवढंच मागते. तुमच्या घरी असे हात असतील, तर एकदा त्यांचं काम त्यांच्याच हातात द्या, आणि टेकेपर्यंत थांबा.