तेलाला वास येतो म्हणे

हे मी आजवर कोणाजवळ काढलं नाही. मुलाजवळ नाही, चहाच्या हॉटेलावर बसणाऱ्या सोबत्यांजवळ नाही. देवाजवळही नाही — त्याला ठाऊकच असेल, उगाच कशाला बोलून दाखवायचं, असं म्हणून टाळत आलो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बसलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी. पेपर रोज वाचतो, लिहायची सवय नाही. पण आयुष्यात कोणासमोर मान खाली घातली नाही — हे मी सगळ्यांना सांगत आलो. तीच मान नडली.

माझी सून वंदना. वलगावला घरामागं आमचा ढोरांचा कोठा होता. ढोरं गेली, कोठा रिकामा पडला. तिनं तो सारवून-धुऊन घेतला आणि मोटारीवर चालणारा लाकडी घाणा बसवला. करडई, भुईमूग, जवस. मी म्हणालो होतो, कास्तकाराच्या घरात हे तेल्याचं काम कशाला? पहिल्या घाण्याचं भुईमुगाचं तेल निवळल्यावर तिनं माझ्या ताटात गरम भाकरीवर वाटीभर ओतलं, वर तिखट टाकलं. मी दुसरी भाकरी मागितली. तोंडानं चांगलं म्हटलं नाही — पण मागितली.

तिचं नाक काय सांगू तुम्हाला! मूठभर करडई नाकाशी धरायची आणि सांगायची, हे बी गेल्या सालचं आहे. व्यापारी आधी हसायचे, मग गुपचूप पोतं बदलून द्यायचे.

तर तिनं वेबसाइट काढली. अमरावतीला क्लास लावून शिकली. फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "मामाजी, हे पाहा आपलं दुकान."

मी म्हणालो, "याले शटर कुठी आहे?"

इतकी हसली की डोळ्याला पदर लावला.

पण लोक फोनवर शोधायचे — लाकडी घाण्याचं तेल, अमरावती — तर दुसऱ्यांचीच दुकानं वर यायची. आमचं नाव चौथ्या पानावर. चौथ्या पानावर कोण जातो? लग्नात चौथ्या पंगतीला बसणाऱ्याला वरण पातळच मिळतं. मी म्हणालो, दुकानात अजून फोटो टाक, अजून मोठ्या अक्षरात लिही. तर ती ओट्यावर माझ्या शेजारी बसली आणि मला समजेल असं सांगू लागली.

"मामाजी, मी सून म्हून या घरी आली, तवा तुमी माह्या बापाच्या घरी येऊन नुसतं पाहूनच सोयरीक पक्की केली होती का? गावात विचारलं ना चार जणाले?"

"विचारलं. नाही विचारणार?"

"तसंच असते हे. आपल्या साइटवर आपणच आपलं किती बी गुणगान केलं, गूगल बाहेर विचारते — हे घर कसं आहे म्हून. बाहेरच्या भल्या माणसानं आपलं नाव घेतलं पाहिजे, आपल्या साइटचा पत्ता त्याच्या साइटवर टाकला पाहिजे. मग ते आपल्याले वर बसवते."

चौकशी! हे मला लगेच कळलं. आमच्याकडे सोयरीक काय दिवाणखान्यात जमते? ती जमते विहिरीवर, किराण्याच्या दुकानात, शेजाऱ्याच्या एका शब्दावर.

मग रोज संध्याकाळी ती वही घेऊन बसायची. कोणाकोणाला विचारायचं त्याची यादी. आहाराचा सल्ला देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईनं तिच्या साइटवर दोन ओळी लिहून आमचा पत्ता टाकला. भातकुलीच्या एका गिऱ्हाईक बाईनं आपणहून अभिप्राय लिहिला, तो वंदनानं मला तीनदा वाचून दाखवला. एका माणसाचा फोन आला — शंभर ठिकाणी तुमचं नाव लावून देतो, विकत. तिनं नाही म्हटलं. "भाड्यानं आणलेले साक्षीदार काय कामाचे, मामाजी? गूगलले समजते ते. अन् मले बी समजते."

चौथ्या पानावरून दुसऱ्या पानावर आलो आम्ही. त्या दिवशी तिनं शिरा केला.

आता यादीत सगळ्यात मोठं एक नाव राहिलं होतं. गजानन.

गजानन अकोल्याला राहतो. शेती खात्यात साहेब होता, निवृत्त झाल्यावर वऱ्हाडातल्या पिकांवर, खाण्यापिण्यावर त्याच्या वेबसाइटवर लिहू लागला. पुष्कळ लोक वाचतात. त्यानं एक पान आमच्या घाण्यावर लिहिलं असतं तर — वंदना म्हणायची — बाकी कोणाला विचारायचीच गरज राहिली नसती. ती त्याला फोन करणार होती. नंबरही मिळवला होता.

मीच आडवा आलो. "फोनवर कुठं असं मागतात? गजा आपल्याच घरचा माणूस. मी जातो. माह्या शब्दाबाहेर नाही तो."

असं म्हणालो मी. छाती काढून.

घरचा माणूस म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. त्याचा बाप किसन आमच्याकडे सालदार गडी होता. आमच्या ओसरीच्या खाली बसून जेवायचा आणि आपलं ताट आपण घासून पालथं घालायचा. मला त्यात तेव्हा काहीच वावगं दिसलं नाही. दिसायला पाहिजे होतं की नाही? — पण ती वेगळी कबुली आहे, आणि तिची लाज याहून मोठी आहे.

निघायच्या दिवशी वंदनानं माझा सदरा कडक इस्त्री केला. हातावर दही ठेवलं. करडईच्या तेलाची एक बाटली पिशवीत नीट गुंडाळून दिली, गजाननला द्यायला. त्या बाटलीचं लेबल तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

अकोल्याला उतरलो. रिक्षानं त्याच्या कॉलनीत गेलो. दुमजली घर, फाटकावर पितळी पाटी. तो समोरच पोर्चमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत होता. चष्मा नाकावर आलेला. त्यानं मान वर केली असती तर मी दिसलो असतो. मी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. रस्ता केवढा? बैलगाडी जाईल एवढा.

तो मला हाकलणार होता का? नाही. लग्नाकार्यात भेटला की वाकून पाया पडायचा तो. आत बोलावलं असतं, पाणी दिलं असतं, लिहितो म्हणाला असता. हे सगळं मला तिथं उभं असताना माहीत होतं. मग? — मग मला एवढंच दिसत होतं, की त्याच्या तीन पायऱ्या चढायच्या आणि म्हणायचं, गजानन, आमच्यासाठी चांगला शब्द लिही. किसनच्या मुलाला. मी.

पाय उचलला नाही हो.

बराच वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. स्टँडजवळ मारुतीच्या देवळात गेलो. ते तेल — तिनं चार दिवस निवळवलेलं तेल — समईत ओतलं आणि रिकामी बाटली तिथंच ठेवली. पुण्य केल्यासारखं वाटून घेतलं. मग वेळ जावा म्हणून बाकावर बसून राहिलो. लवकर घरी गेलो असतो तर तिला संशय आला असता ना? इतका हिशेब मला त्या वेळी जमला.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत काय सांगायचं ते ठरलं होतं. तो नाही म्हणाला. बस. एवढंच सांगायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, जेवले का. कामाचं तिनं विचारलंच नाही. मीच म्हणालो, "नाही म्हणते तो."

तिनं एकच शब्द विचारला — "काहून?"

आता इथं थांबा जरा. मलाही थांबू द्या.

इथपर्यंतचं खोटं भित्र्या माणसाचं खोटं होतं. "त्याले वेळ नाही" म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण वेळ नाही म्हटलं की ती म्हणणार, मग मी पुढच्या महिन्यात फोन करते. आणि फोनवर सगळं उघडं पडणार. मला ते दार कायमचं बंद करायचं होतं. म्हणून मी म्हणालो —

"तेलाले खवट वास येते म्हणे. असं तेल कोणाले घ्या म्हून सांगू, म्हणे."

हे मी बोललो. गजाननच्या तोंडी घालून बोललो. त्या तेलाचा थेंबही त्यानं पाहिला नव्हता.

तिचा चेहरा मी सांगणार नाही. सांगता येत नाही म्हणून नव्हे — मी पाहिलाच नाही. चप्पल काढायला वाकलो आणि वाकूनच राहिलो. वर तिचा आवाज आला, "राहू द्या मामाजी. एवढ्या उन्हात तुमी गेले माह्यासाठी, हेच लई झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं निवळत ठेवलेलं सगळं तेल पुन्हा पुन्हा हुंगलं. पिंपं उकळत्या पाण्यानं धुतली. बी देणारा बदलला. गिऱ्हाइकांना विचारू लागली, वास तर येत नाही ना? — आणि दुकानदारानंच असं विचारल्यावर गिऱ्हाईक काय करील? तेही हुंगू लागलं. यादीतली बाकीची नावं तिनं विचारलीच नाहीत. म्हणाली, जाणत्या माणसानं असं म्हटल्यावर दुसऱ्याले कोणत्या तोंडानं विचारू? वेबसाइट हळूहळू खाली सरकली आणि एक दिवस बंद झाली. घाणा परतवाड्याच्या माणसानं उचलून नेला.

साऱ्या जगात तिच्या तेलाला कोणी वाईट म्हटलं नव्हतं. एकट्यानं म्हटलं, तो तिच्याच ओट्यावर बसत होता.

पुढं अमरावतीला एका लग्नात गजानन भेटला. पाया पडला. "भाऊ, तुमच्या घरी लाकडी घाणा होता म्हणे! मले एका शब्दानं सांगतलं नाही. आवडीनं लिहिलं असतं ना मी."

"चाल, जेवून घे आधी. पंगत बसून राहिली," मी म्हणालो.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वंदना तिथं आली. त्यानं हात जोडले, तिनं तोंड फिरवलं. तो बिचारा माझ्याकडे पाहू लागला. "सूनबाईनं ओळखलं नाही वाटते?"

"तिले आजकाल जरा कमी दिसते," मी म्हणालो. बघा, जीभ कशी सरावते.

येताना रिक्षात ती म्हणाली, "मामाजी, तुमी त्या माणसासंग बोलता काहून? माह्या तेलाले नाव ठेवलं त ठेवलं. पण तुमाले त्यानं तसंच परत धाडलं, याचाच मले राग येते."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. रिक्षात आम्ही दोघंच होतो. मी बाहेर पाहत राहिलो.

आता ती अमरावतीला कापडाच्या दुकानात कामाला जाते. सकाळची बस, संध्याकाळची बस. घरात पाकिटातलं तेल येतं. परवा तिनं मला आवडतात म्हणून मुगाचे वडे करायला घेतले. पाकीट फोडलं, तेल कढईत ओतलं, गॅस लावायच्या आधी पळीभर घेऊन नाकाशी धरलं. मग पळी माझ्यापुढं केली.

"पाहा बरं मामाजी, वास येते का?"

ज्या बाईच्या नाकाला व्यापारी भ्यायचे, ती कंपनीच्या पाकिटातल्या तेलासाठी मला विचारते. दर वेळी विचारते. मी दर वेळी सांगतो, नाही येत.

परवाही सांगितलं. तिनं मान हलवली, पळी परत नाकाजवळ नेली आणि पुन्हा एकदा हुंगली.