आदी बायकू बघू

जतकडं पाऊस लागोपाठ हुकला, तेव्हा आबांनी मेंढरं विकली. निम्मी विकायच्या आधीच मेली होती. आम्ही सांगलीला आलो. गावाबाहेर उसाची रानं मोडून प्लॉट पाडले होते, तिथं बँकेतली, कॉलेजातली माणसं बंगले बांधत होती. आबा त्या बांधकामांवर राखणदार. आम्ही सिमेंटची पोती ठेवायच्या पत्र्याच्या शेडात राहायचो. भाकरी दाताखाली करकरायची, ती कशानं, हे कुणी विचारत नसे. पुढं आबांना सूतगिरणीत नोकरी लागली, शेडाच्या जागी दोन खोल्या झाल्या आणि मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे.

एवढं सगळं बदललं, पण आबांची थोरली बहीण, आमच्याकडंच राहायला आलेली बयाआत्ती, काही बदलली नाही. तिचा कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यानं माप ओतलं की ती बोट बुडवून नखावर थेंब धरून बघायची. शेजारच्या प्रोफेसरीणबाईंनी संक्रांतीला तिळगूळ दिला, तर त्यांनी स्वतः एक वडी खाल्ल्यावर आत्तीनं आपली तोंडात टाकली. मला म्हणाली, "ग्वाड बोला म्हंत्यात. आन् कशापायी बोला, त्ये न्हाईत सांगत."

कॉलनीतले लोक तिला हसायचे. मला लाज वाटायची. पण तिचा जन्म परक्यांच्या रानात गेला होता. नवरा लवकर वारला, तेव्हापासून दिरांच्या कळपाबरोबर ती पार कोरेगावापर्यंत हिंडलेली. खतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. रान बाप्ये बघायचे. आत्ती मात्र पाणी मागायच्या निमित्तानं मालकाच्या घरी जायची आणि मालकीण बघून यायची. बाई दबलेली दिसली, नजर चुकवायला लागली, की कळप पुढच्या गावाला. "बाप्या भाईर कसा बी आसंल," ती म्हणायची, "घरात कसा हाय, त्ये बायकूच्या त्वांडावर आस्तंय."

कॉलनीत सांस्कृतिक मंडळ निघालं. गणपतीत नाटक व्हायचंच. बँकेतले जोगळेकर ते बसवायचे. बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यांच्या बँकेतले कॅशिअर मिशी उतरवून नायिका झाले, की लोक रडायच्या प्रसंगाला हसायचे. जोगळेकरांना ते सलत होतं. कॉलेजच्या संमेलनात त्यांनी मला काम करताना पाहिलं आणि एका रविवारी ते थेट घरी आले.

"आबासाहेब, तुमच्या कमलचा आवाज खणखणीत आहे. आता काळ बदललाय. मुलींनी पुढं आलं पाहिजे."

आबांना साहेब कुणी म्हटलं नव्हतं. ते खुर्चीत अवघडले. मला ते काम हवं होतं, इतकं की मी दाराआड श्वास धरून उभी होते. आबा म्हणाले, "आक्काला इचारतो."

आत्ती उंबऱ्यात जोंधळे निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तालीम कुटं?"

"शाळेत. संध्याकाळी."

"बाया किती?"

"कमल एकटीच. पण मी असतो ना तिथं."

"तुमी आस्ता म्हनूनच इचारत्ये. तुमची बायकू आस्ती का?"

जोगळेकर हसले. "तिला नाही हो ह्यातली आवड."

ते गेल्यावर आत्ती आबांना म्हणाली, "आदी बायकू बघू, मग सांगू."

दुसऱ्या दिवशी ते बँकेत असताना आत्ती अळूची पानं घेऊन त्यांच्या घरी निघाली. मलाही नेलं. त्यांच्या बायकोनं, सुधाबाईंनी, चहा केला. आत्तीची नजर घरभर फिरली आणि कपाटावर थांबली.

"त्ये कशाचं ख्वाकं म्हनायचं?"

"पेटी आहे. साताऱ्याला, माहेरी, वाजवायचे मी. नाटकात गायलेसुद्धा."

"मग आता?"

सुधाबाई कोरडाच ट्रे पुसत राहिल्या. "ह्यांना घरातलं माणूस स्टेजवर गेलेलं नाही चालत," त्या म्हणाल्या. मग घाईनं, "माझी सवयही गेलीय म्हणा."

वाटेत आत्ती म्हणाली, "बगितलंस न्हवं? लोकाच्या पोरीस्नी काळ बदललाय. घरात आजून जुनाच चाललाय."

"आत्ती, तू माझं नाटक बुडवणार."

"मी कशाला बुडवू? त्येनं सांगू दे काय त्ये."

संध्याकाळी जोगळेकर बँकेतून परस्पर उत्तर घ्यायला आले. आत्तीनं सरळच सांगितलं, "पोरगी यील. पर बाईसायेब बी आल्या पायजेत. बगाय न्हाई, कामाला."

"तिचं काय मध्येच?"

"आमची पोरगी स्टेजवर शोबती, आन् तुमची बायकू शोबत न्हाई. ह्यातलं कायतर खोटं हाय. कुटलं, त्ये तुमीच सांगा."

जोगळेकर लाल झाले. "घरच्या अडचणी असतात," एवढं पुटपुटून ते उठले. कपातला चहा तसाच राहिला. नंतर काही दिवस कुणी फिरकलं नाही. कॅशिअरांनी मिशी उतरवल्याची बातमी आली, तेव्हा मी आत्तीशी बोलणं टाकलं. ती म्हणाली, "रूस. रुसल्यालं परवडतंय."

आणि एका सकाळी सुधाबाई स्वतः दारात आल्या. मागं छत्री धरून जोगळेकर. "आईचं काम मी करतेय," त्या मला म्हणाल्या. "तू माझी मुलगी." घरात काय झालं, हे आत्तीनं खोदून विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर पेटी खाली काढली. ते आले तेव्हा मी गात होते. थांबले नाही."

आत्ती एकही तालीम चुकली नाही. भिंतीला पाठ लावून, बाप्यांकडं तोंड करून बसायची. तिच्या धाकानं कॅशिअर विडीसुद्धा बाहेर जाऊन ओढायचे. नाटकादिवशी सुधाबाईंचा पहिला सूर कापत निघाला. दुसऱ्या ओळीला तो सापडला, आणि मांडवातली पोरंसुद्धा गप्प झाली. पडदा पडल्यावर जोगळेकर डोळे पुसत आत्तीकडं आले.

"आजी, आता तरी विश्वास बसला?"

"औंदाचा बसला," आत्ती म्हणाली. "फुडल्या वर्साचं फुडल्या वर्साला बगू."

आणि तिनं खरंच दर वर्षी बघितलं. मी तिच्या शंकांना जुनाट म्हणायचे. पण भाषणं ऐकून भुलणारी आम्ही शिकलेली माणसं होतो; भाषण करणाऱ्याच्या घरात डोकावून येणारी ती एकटीच होती. तिच्याकडून मी एवढं उचललं, की मोठा शब्द कानावर आला की तो कुणाला लागू आहे आणि कुणाला नाही, ते आधी बघायचं.

आत्ती एका थंडीत गेली. त्याच वर्षी गणपतीतलं नाटक सुधाबाईंनी बसवलं होतं, आणि त्यात पाच बायका होत्या. मी बी. ए. झाले होते, दुसऱ्या वर्गात.